चोराचं शास्त्र, भुंग्यांचं गणित आणि संस्कृतची पदवी

दहावीला संपूर्ण संस्कृत घेतलं की सगळे पाठ थोपटतात, कारण विषय ‘स्कोअरिंग’. तेच मूल बारावीनंतर ‘बीए करतोय, स्पेशल संस्कृत घेऊन’ म्हणालं की पहिला प्रश्न येतो, “आणि पुढे काय?” दुसरा त्याच्या पाठोपाठ, “म्हणजे स्तोत्रं पाठ करायची का?”

दुसऱ्याचं उत्तर आधी. पदवीच्या संस्कृतात स्तोत्रांहून कितीतरी जास्त जागा चोरांना, विदूषकांना, गणितज्ञांना, भांडखोर टीकाकारांना आणि प्रेमात वेड्या झालेल्या माणसांना आहे. रामः रामौ रामाः करत शाळेतून बाहेर पडलेल्यांना हे कुणी सांगतच नाही. म्हणून हा खजिना थोडा उघडून दाखवायचा आहे.

भिंत फोडावी कशी?

शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ घ्या. तिसरा अंक, मध्यरात्र, आणि चारुदत्ताच्या घराबाहेर उभा असलेला शर्विलक. हा जातीनं ब्राह्मण आहे, मदनिकेच्या प्रेमात पडलाय, तिला दास्यातून सोडवायला पैसा हवाय आणि त्यासाठी आज घरफोडी करायची आहे. पण भिंतीला भोक पाडायचं तर शास्त्रशुद्धच पाडायचं! तो आधी भिंतीवर हात फिरवतो. रोज सूर्याला अर्घ्य देताना पाणी पडून खारावलेली, भुसभुशीत झालेली जागा सापडते. शेजारीच उंदरांनी उकरलेल्या मातीचा ढीग. शुभशकुन! चोरांचा देव कार्तिकेय, त्याला नमस्कार.

मग बांधकामाचा विचार. विटा पक्क्या असतील तर उपसायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीची भिंत भिजवायची, लाकडाची चिरायची. भगदाडाचे आकार सात: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, रुंद आयत, स्वस्तिक, भरलेला कलश. पक्क्या विटांच्या भिंतीत कलश शोभतो, असं ठरवून तो कामाला लागतो. उद्या सकाळी शेजारी बघतील तेव्हा कारागिरीची तारीफ झाली पाहिजे, ही त्याची कळकळ. आणि ऐन वेळी लक्षात येतं, मापाची दोरी घरी राहिली. मग गळ्यातलं जानवं काढून भिंत मापतो. जानव्याचे उपयोगही मोजून सांगतो: माप घ्यायला, दागिन्यांचे फासे सोडवायला, कडी काढायला आणि साप चावला तर बांधायला. तेवढ्यात बोटाला खरंच दंश होतो आणि तेच जानवं बांधावं लागतं.

हा सगळा प्रवेश वर्गात शब्द-शब्द सोडवून वाचला जातो. संधी फोडायची, समासाचा विग्रह करायचा, अन्वय लावायचा. परीक्षेसाठी म्हणून सुरू केलेलं हे काम विनोद कळला की चटकच लावतं. मराठीत गोविंद बल्लाळ देवलांनी याचं संगीत नाटक केलं, १९८४ मध्ये गिरीश कर्नाडांनी त्यावर ‘उत्सव’ हा चित्रपट काढला. पण शर्विलकाची खरी ऐट मूळ संहितेतच.

‘आई’ चालेल, ‘बाबा’ नाही

दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाच्या कुमाराची गोष्ट सांगायची पाळी येते, पण प्रेयसीनं दंतक्षत केल्यामुळे त्याचे ओठ दुखतायत. तेव्हा तो आपली अख्खी हकिकत प, फ, ब, भ, म यांपैकी एकही व्यंजन न उच्चारता सांगतो. एखाद-दुसरं वाक्य नाही, पूर्ण उच्छ्वासच. मराठीत करून बघा. ‘आई’ चालेल, ‘बाबा’, ‘मामा’, ‘भाऊ’, ‘बहीण’ बाद. ‘मी’सुद्धा बाद!

अशी कसरत करणारा दंडी एकटा नाही. भारवीनं ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात जवळजवळ सबंध श्लोक एकट्या ‘न’वर उभा केला. माघानं ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गात त्याच्यावर ताण केली: उलटे, सुलटे, वरून खाली, कसेही वाचा, तेच येणारे श्लोक. पुढे मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त अशा चित्रकाव्याला थेट सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं. त्याचं म्हणणं पटतं, कारण व्यंजनांच्या कोड्यात भाव गुदमरतो. तरी भारवीचा तो ‘न’ पहिल्यांदा वाचताना जो आनंद होतो, तो मम्मट कसा काढून घेणार?

या खेळातला सर्वांत धाडसी गडी मात्र आपल्या मराठवाड्यातला. गोदावरीकाठच्या पार्थपूरचा, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा, सूर्यकवी. सोळाव्या शतकातला हा ज्योतिषी. त्याच्या ‘रामकृष्णविलोमकाव्या’त श्लोक डावीकडून वाचला तर रामाची कथा आणि उजवीकडून उलटा वाचला तर कृष्णाची. याच माणसानं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर १५४१ मध्ये टीकाही लिहिली. अक्षरं आणि आकडे दोन्ही त्याच्या बोटांवर नाचत होते.

संस्कृत नाटकात अर्धं संस्कृतच नसतं

हे पहिल्या वर्षाला कळतं तेव्हा पुष्कळजण चकित होतात. राजा संस्कृतात बोलतो. राणी, सख्या, दासी, कोळी, शिपाई प्राकृतात. शकुंतलेच्या तोंडी प्राकृत. विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतच बोलतो. म्हणून छापील आवृत्तीत प्राकृत संवादांबरोबर संस्कृत ‘छाया’ दिलेली असते, आणि परीक्षेच्या धांदलीत मुलं फक्त छाया वाचतात. फार मोठं नुकसान! कारण स्त्रियांच्या तोंडची गाणी ज्या प्राकृतात रचायची प्रथा होती, ती महाराष्ट्री. तिच्यात मराठी माणसाला ओळखीचे चेहरे दिसत राहतात. हाल सातवाहनाच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ याच भाषेत आहे. तिच्यात गोदेचा काठ आहे, शेतं आहेत, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायका आहेत आणि आजही चारचौघांत वाचताना कान लाल होतील असा मोकळेपणा आहे.

राजशेखरानं तर पुढे जाऊन ‘कर्पूरमंजरी’ हे नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्राकृतातच लिहिलं. ते रंगभूमीवर आणावं ही इच्छा त्याच्या बायकोची, अवंतीसुंदरीची होती, हे नाटकाच्या प्रस्तावनेतच नोंदलेलं आहे. बाईंची काव्यशास्त्रावरची मतंही राजशेखर आपल्या ‘काव्यमीमांसे’त मानानं उद्धृत करतो.

आणि भवभूती? करुण रसाचा हा सम्राट स्वतःचं गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगतो. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळच्या पदमपूरशी ते जोडलं जातं. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर विरहाचं वर्ष काढतो, तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. आज तिथं कालिदासाचं स्मारक आहे आणि त्याच्याच नावाचं, १९९७ मध्ये स्थापन झालेलं संस्कृत विद्यापीठही आहे.

दहा अक्षरांत आठ गण

वृत्तं शिकताना एक मंत्र पाठ करावा लागतो: यमाताराजभानसलगा. शाळेत तो घोकून घेतात आणि सोडून देतात. जरा थांबून बघा. त्यातल्या पहिल्या आठांपैकी कुठलंही अक्षर घ्या आणि पुढची दोन जोडा. ‘यमाता’: लघु, गुरू, गुरू. हा झाला य गण. ‘मातारा’: तिन्ही गुरू, म गण. ‘ताराज’, ‘राजभा’, ‘जभान’, ‘भानस’, ‘नसल’, ‘सलगा’. लघु-गुरूंच्या तीन-तीनच्या जेवढ्या जोडण्या होऊ शकतात त्या सगळ्या आठ, प्रत्येक एकदाच, आणि एकूण अक्षरं फक्त दहा. आजच्या गणितात अशा मालिकांना स्वतंत्र नाव आहे आणि संगणकशास्त्रात त्यांचा उपयोग होतो.

छंदःशास्त्र म्हणजे मुळातच मोजणी. लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग इतक्या मात्रांची ओळ किती प्रकारांनी बांधता येईल? एका मात्रेला एक प्रकार, दोनला दोन, तीनला तीन, चारला पाच, पाचला आठ. प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज. बाराव्या शतकात हेमचंद्रानं हा नियम स्पष्ट सांगितला. ज्या फिबोनाचीच्या नावानं हे आकडे आज ओळखले जातात, त्याचं पुस्तक १२०२ चं.

‘लीलावती’ तर साहित्याच्या वर्गातही वाचावी अशी. भास्कराचार्यांनी ती ११५० च्या सुमारास लिहिली. तिच्यातलं एक गणित आपल्या शब्दांत असं: भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबाकडे गेला, तिसरा भाग सिलिंध्रीच्या फुलांकडे, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्याच्या झाडाकडे. उरलेला एकच भुंगा केवडा आणि मालती यांच्या सुगंधात अडकून हवेत घुटमळतोय. तर थवा केवढा? कागद-पेन घेऊन बसा. (पंधरा. तीन गेले, पाच गेले, सहा गेले, एक राहिला.) भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला. त्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथं आहे. अभ्यासक्रम दगडात कोरून ठेवणारा प्रांत आहे हा!

गणिताकडून महाभारताकडे

गणित आणि संस्कृत यांची ही सोयरीक विसाव्या शतकातही चालू राहिली. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला जाऊन हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृताकडे वळले. हेच ल्यूडर्स, ज्यांनी मध्य आशियाच्या वाळूत सापडलेल्या जुनाट तुकड्यांतून अश्वघोषाच्या नाटकाचे अवशेष जुळवले. १९२५ मध्ये सुकथनकर पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले.

काम १९१९ मध्ये सुरू झालेलं. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी, बंगालची, मलबारची, नेपाळची. एक श्लोक घ्यायचा आणि प्रत्येक पोथीत तो कसा आहे हे अक्षराअक्षरानं नोंदवायचं. दूरदूरच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या पोथ्या जिथे एकसारख्या बोलतात, तो पाठ जुना. जे एखाद्याच प्रदेशात सापडतं ते तळटीपेत किंवा परिशिष्टात. या गाळणीतून व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहिलं ही लाडकी गोष्टसुद्धा खाली गेली! द्रौपदीनं वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावाही मुख्य संहितेत उरला नाही; तिथं वस्त्रं नुसती येत राहतात. श्रद्धाळू माणसाला हे जड जातं. पण पुण्यातल्या त्या पंडितांनी पोथ्या जे सांगतात तेच छापलं, आणि त्यांच्याबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो तो याच कारणासाठी. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, बेलवलकर आले, मग प. ल. वैद्य, आणि १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सत्तेचाळीस वर्षं.

गोव्यातले दामोदर धर्मानंद कोसंबी दुसरे. व्यवसायानं गणितज्ञ, लोकांना माहीत इतिहासकार म्हणून. पण भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केली, आणि १९५७ मध्ये वा. वि. गोखल्यांबरोबर विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’.

अजून ‘अ’

डेक्कन कॉलेजात १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी एक संस्कृत शब्दकोश हाती घेतला. ऋग्वेदापासून पुढच्या तीनेक हजार वर्षांतले सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे, प्रत्येक शब्द कुठे, कधी, कुठल्या अर्थानं आला त्याची चिठ्ठी करायची. चिठ्ठ्या झाल्या सुमारे एक कोटी. पहिला भाग छापून यायला १९७६ उजाडलं. तेव्हापासून पस्तीसच्या आसपास भाग निघाले आणि कोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. ज्यांना ‘संस्कृतात आता करण्यासारखं काय उरलंय?’ असा प्रश्न पडतो, त्यांनी पुण्यात येरवड्याला जाऊन त्या चिठ्ठ्यांची कपाटं पाहावीत.

याच कॉलेजचं मूळ म्हणजे १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा इंग्रजांनी तिच्याकडे वळवला.

झटपट काही

पाणिनीची ‘अष्टाध्यायी’ सुमारे चार हजार सूत्रांची, आणि शेवटचं सूत्र दोन अक्षरांचं. तेही एकच अक्षर दोनदा.

‘स्वप्नवासवदत्त’ आज सगळीकडे शिकवतात, पण भासाची नाटकं १९०९ नंतर केरळात गणपतिशास्त्रींच्या हाती लागली आणि १९१२ पासून छापून आली. तोवर भास हे फक्त एक नाव होतं. त्याच १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिला येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला: चिंतामणराव देशमुख. त्यांनी ‘मेघदूता’चं मराठी पद्यात भाषांतर केलं आणि स्वतः संस्कृतात कविताही लिहिल्या.

वामन शिवराम आपट्यांचा कोश अजूनही प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. तो आला १८९० मध्ये. आपटे गेले १८९२ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिशीत. तेवढ्यात ते फर्ग्युसनचे पहिले प्राचार्यही होऊन गेले.

पां. वा. काणे ‘व्यवहारमयूखा’ला प्रस्तावना लिहायला बसले. तिचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ झाला: पाच खंड, साडेसहा हजारांहून जास्त पानं, १९३० ते १९६२. त्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं.

‘भगवदज्जुकीय’ हे प्रहसन वाचा. यमदूत चुकीच्या बाईचा जीव घेऊन जातो, एक योगी गंमत म्हणून तिच्या शरीरात शिरतो, आणि परत आलेला यमदूत तिचा जीव योग्याच्या शरीरात घालतो. मग संन्यासी गणिकेसारखा लाजतो आणि गणिका उपदेश करते. शेकडो वर्षांपूर्वीचं नाटक आहे, कॉलेजच्या स्टेजवर आजही टाळ्या घेतं.

आकाशवाणीवर संस्कृत बातम्या १९७४ पासून आहेत. म्हैसूरचं ‘सुधर्मा’ हे संस्कृत दैनिक १९७० पासून.

वर्गात कोण बसू शकतं

आज प्रवेशाचा अर्ज भरताना जात किंवा लिंग आड येत नाही. हे सहज घडलेलं नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवला आणि त्यांनी गंगामूळच्या जंगलात बिऱ्हाड केलं. त्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकवलं. ती मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांसमोर उभी राहिली आणि त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्या पंडिता रमाबाई. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, पर्शियन घ्यावं लागलं. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टानं शिकले. नागपूरच्या कुमुद पावडे दलित घरातून येऊन संस्कृतात एम.ए. झाल्या, प्राध्यापक झाल्या, आणि त्या वाटेवर काय काय सोसलं ते त्यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये लिहिलं. संस्कृतच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं कालिदासाच्या बरोबरीनं ते पुस्तक वाचायला हवं, असं मला मनापासून वाटतं. सोलापूरकडचे पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार संस्कृतच्या प्रचारासाठी आयुष्यभर देशभर फिरले.

आणि एक घर तर अद्भुतच. ऋषितुल्य पंडित शंकर पांडुरंग पंडित यांची मुलगी क्षमा राव. त्यांनी गांधीजींच्या लढ्यावर ‘सत्याग्रहगीता’ लिहिली, संस्कृतात! ती १९३२ मध्ये पॅरिसला छापली गेली. बाई टेनिसही उत्तम खेळायच्या. त्यांची मुलगी लीला १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, आणि तिनंही पुढे आईच्या कथांवरून संस्कृत नाटकं लिहिली.

आता पहिला प्रश्न

पुढे काय? शिकवणं आहेच, शाळांत संस्कृतचे चांगले शिक्षक सतत हवे असतात. भाषांतर आहे, आकाशवाणी आहे, भाषाशास्त्र आणि संगणकीय भाषाप्रक्रिया आहे, कारण पाणिनीचे नियम शिकलेल्या मुलांना नियमांनी विचार करायची सवय असते. भारतविद्या, पुरातत्त्व, योग, आयुर्वेदाच्या संहिता, जुन्या शिलालेखांचं वाचन, सगळीकडे हा पाया लागतो.

पण सगळ्यात जास्त माणसं हवी आहेत ती हस्तलिखितांना. एकट्या भांडारकर संस्थेत २८ हजारांहून जास्त पोथ्या आहेत. तिथल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांना युनेस्कोनं २००७ मध्ये ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत घेतलं. देशभरच्या मठांत, वाड्यांत, ग्रंथालयांत लाल फडक्यात बांधलेल्या कितीतरी पोथ्या कुणी उघडून वाचलेल्याच नाहीत. ‘अर्थशास्त्र’ही असंच एका पोथीतून १९०५ मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्रींसमोर आलं होतं. तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत शारदा, ग्रंथ किंवा नंदिनागरी यांपैकी एक लिपी शिकून घ्या. पुण्यात अशा कार्यशाळा होत असतात, आणि देवनागरी येणाऱ्याला नंदिनागरी फार जड जात नाही.